राण्यांच्या मनातले छापणाऱ्यांस : मराठी प्रकाशकांना खुले पत्र

प्रति,
मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या प्रसिद्ध करणारे सर्व प्रकाशक आणि संपादक यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत एकपात्री स्पर्धेची परीक्षक म्हणून मी गेले होते. नववीतली एक मुलगी हिरवे लुगडे नेसून, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी रेखून मंचावर आली आणि "होय, मीच! माझ्या राजारामासाठी मीच त्या ताटात विष कालवले!" असे म्हणत तिने सात मिनिटे सोयराबाई उभ्या केल्या. तिचे पाठांतर चोख होते, आवाजात धार होती, आणि शेवटी सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. गुणपत्रिकेवर माझा हात मात्र थांबला होता. स्पर्धा संपल्यावर मी तिला जवळ बोलावून विचारले, "बाळ, विषाचे तुला कोणी सांगितले?" तिने दप्तरातून एक कादंबरी काढली आणि मुखपृष्ठावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, यात आहे ना. हे बघा, सत्यकथा लिहिलंय."

ती कादंबरी माझ्याकडेही आहे, पण जुन्या आवृत्तीची. त्या आवृत्तीत लेखकाचे अकरा पानांचे मनोगत आहे, आणि विषाचा प्रसंग आपण कल्पनेने रचला असून त्याला विश्वासार्ह आधार नाही, असे लेखकाने त्यात स्वच्छ लिहून ठेवले आहे. मुलीच्या हातातल्या नव्या आवृत्तीत ते मनोगत नव्हते. मनोगत गेले होते आणि मुखपृष्ठावर 'सत्यकथा' हा शब्द आला होता. मी प्रकाशकांना सविस्तर पत्र लिहिले. वाचक मनोगत वाचत नाहीत, पाने वाढली की किंमत वाढते, तेव्हा निर्णय बदलता येणार नाही, अशा अर्थाचे दोन ओळींचे उत्तर आले. तो निर्णय गुपचूप मान्य करणे मला शक्य नाही, म्हणून हे उघड पत्र. त्या संस्थेचे नाव मी घेत नाही, कारण हा एका घराचा दोष असता तर खाजगी पत्रावरच थांबले असते.

मी कोण, हे आधी सांगते. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर मोडी शिकले. आता आमच्या गावच्या वाचनालयात आठवड्यातून दोन दिवस बसते आणि कोणी घरातले जुने कागद घेऊन आले तर ते वाचून देते. इतिहासाची गोडी मला क्रमिक पुस्तकांनी लावलेली नाही, ती कादंबऱ्यांनी लावली. रात्रीची जेवणे आटोपली की आई माजघरात बसून मोठ्याने वाचायची, दोन्ही काकू धान्य निवडता निवडता ऐकायच्या, आणि सईबाईंच्या अखेरच्या प्रसंगाला तिघींचे डोळे पुसणे मी लहानपणी पाहिले आहे. राजवाड्यातल्या बाईलाही आपल्यासारखेच मन असते, हे त्या घरातल्या बायकांना कादंबरीनेच सांगितले. म्हणून ऐतिहासिक कादंबरीत कल्पना नको, असे माझे मुळीच म्हणणे नाही. कागद बाईच्या मनाबद्दल फार थोडे बोलतात. जुन्या पत्रव्यवहारात सौभाग्यवतीला 'वज्रचुडेमंडित' आणि विधवेला 'गंगाभागीरथी' असा मायना लिहीत. एका रात्रीत एका बाईचे सगळे आयुष्य पालटायचे आणि कारकुनाच्या बोरूला मात्र एक शब्द बदलावा लागायचा. त्या दोन शब्दांच्या मधले जे आहे ते कादंबरीकारानेच लिहायचे असते, दुसरे कोण लिहिणार? माझी तक्रार एवढीच आहे की ते लिहिले जात नाही, आणि त्या जागी दुसरेच काहीतरी लिहून ते खरे म्हणून विकले जाते.

पहिली तक्रार आरोपांची आहे. शिवाजी महाराजांचा मृत्यू ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाला. सभासदाच्या बखरीत त्याचे कारण ज्वर असे दिले आहे. सभासद हा राजाराम महाराजांच्या पदरचा, त्यांच्याच आज्ञेवरून बखर लिहिणारा, तेव्हा सोयराबाईंच्या बाबतीत त्याची एकट्याची साक्ष पुरेशी धरू नये, हेही मी वर्गात मुलांना सांगत असे. पण साक्ष अपुरी असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. विषाच्या अफवेला सिद्ध झालेल्या गुन्ह्याचे रूप आपल्या पुस्तकांनी दिले. आणि गंमत म्हणून नव्हे, खेदाने सांगते की त्या अफवेच्या नादात सोयराबाईंच्या आयुष्यातले खरे नाट्य कोणी पाहिलेच नाही. त्याच एप्रिलमध्ये अण्णाजी दत्तोंसारख्या मंत्र्यांनी त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले; त्या वेळी सैन्याचे सरनोबत होते हंबीरराव मोहिते, म्हणजे सोयराबाईंचे सख्खे भाऊ; आणि हंबीररावांनी भाच्याची बाजू न घेता संभाजी महाराजांची बाजू घेतली. रायगडावर ही बातमी पोचली तेव्हा त्या बहिणीच्या मनात काय झाले असेल? पुढे याच हंबीररावांची मुलगी ताराबाई राजारामांची राणी झाली. एका घराची फाळणी आणि एका घराचे पुन्हा सांधणे, एवढे सगळे समोर असताना आपल्याला वाटीत विष कालवणारी बाईच का हवी असते?

आनंदीबाईंचे तर आपण वाक्प्रचारच करून टाकले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, आणि 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले ही कथा तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. ती चिठ्ठी आज आपल्यापुढे नाही. तरी 'ध चा मा' हे शब्द न्यायनिवाडा झाल्यासारखे आपल्या बोलण्यात आहेत, आणि कादंबरीतल्या आनंदीबाई त्या एका अक्षरापाशी सुरू होऊन तिथेच संपतात. नवरा मुलूख सोडून पळत असताना त्या धारच्या किल्ल्यात बाळंत झाल्या आणि जानेवारी १७७५ मध्ये दुसरे बाजीराव जन्मले. त्यांचे पती राघोबादादा डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावी वारले आणि त्यानंतर काही महिन्यांनी आनंदीबाईंना आणखी एक मुलगा झाला. पुण्याच्या कारभाऱ्यांच्या नजरेखाली वर्षानुवर्षे काढून १७९४ साली नाशिकजवळ आनंदवल्लीला त्यांचा शेवट झाला. आपण खून करवला असे सगळा मुलूख म्हणतो आहे, हे माहीत असलेल्या बाईची ती वीस वर्षे होती. त्या दोषी होत्या असे कादंबरीकाराचे मत असेल तर त्याने तसे जरूर लिहावे. पण मग दोषी बाईचीही वीस वर्षे लिहावीत, आणि हे आपले मत आहे असे सांगावे.

दुसरी तक्रार निवडीची आहे, आणि तीच माझ्या मनाला जास्त लागलेली आहे. आपल्या कादंबऱ्यांमधल्या राण्या वाट पाहतात, मत्सर करतात, मुलाला तलवार देतात किंवा सती जातात. याखेरीज त्यांच्या मनात काही चालते, असे आपल्याला वाटत नाही की काय, असा प्रश्न मला पडतो. येसूबाईंचेच घ्या. शृंगारपूरच्या शिर्क्यांची ही मुलगी. 'श्री सखी राज्ञी जयति' हा शिक्का त्यांचा. संभाजी महाराजांची ११ मार्च १६८९ रोजी हत्या झाली तेव्हा स्वतःचा मुलगा हाताशी असताना त्यांनी राज्याची सूत्रे दिराकडे जाऊ दिली, राजारामांना गडाबाहेर पाठवले आणि स्वतः मुलासह वेढ्यात मागे राहिल्या. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. इथपर्यंत आपल्या कादंबऱ्या येतात, आणि मग एकदम १७०७ साली शाहूंची सुटका होते किंवा पुस्तकच संपते. अधली अठरा वर्षे आणि नंतरची बारा वर्षे कुठे गेली?

मी ती वर्षे पुनःपुन्हा डोळ्यांपुढे आणते. बादशाही छावणीतल्या गुलालबारात, म्हणजे बादशहाच्या खास तंबूंच्या आवारात, कैदेत असलेली एक विधवा, बरोबर सात वर्षांचा मुलगा. ज्याच्या हुकमाने नवऱ्याचे हाल झाले त्याच्याच अन्नावर त्या मुलाला वाढवायचे. त्याने काय विसरावे आणि काय विसरू नये हे ठरवायचे. आणि बादशहाची मुलगी झीनतउन्निसा मुलाला माया लावते तेव्हा ती माया स्वीकारायची की नाही, हेही ठरवायचे. १६९५ पासून चार वर्षे छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, म्हणजे आपल्याच माणसांच्या मुलखात, मराठी बोलणाऱ्या गावांच्या शेजारी. पुढे शाहूंवर धर्मांतराचे संकट आले आणि त्यांच्याऐवजी प्रतापराव गुजरांच्या मुलांनी मुसलमान होणे पत्करले, असे सांगितले जाते. आपला मुलगा वाचला तो दुसऱ्या कोणाची मुले गेली म्हणून, हे ओझे त्या आईने कसे वाहिले असेल? मुलाची लग्नेही कैदेतच झाली. सुनेचे तोंड पाहताना सासूच्या अंगावर काय होते, रुखवतात काय मांडले होते, मंगलाष्टके म्हणायला कोणी होते का? मग १७०७ साली शाहूंना सोडले ते येसूबाईंना ओलीस ठेवून. मुलाच्या प्रत्येक लढाईची किंमत आपल्या मानेवर आहे, हे जाणून त्यांनी आणखी बारा वर्षे काढली, आणि १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन साताऱ्यास आले तेव्हा पंचविशीत निरोप दिलेला मुलगा सदतीस वर्षांचा झाला होता. तीस वर्षांची ही कैद माझ्या जिल्ह्यातल्या एका वाड्याच्या दारात संपली. साताऱ्यात राहून मला रोज ती आठवते. एका तरुण लेखिकेने या तीस वर्षांवर लिहिलेले हस्तलिखित मी वाचले आहे. तिला संपादकांकडून सांगण्यात आले की यात काही घडत नाही, लढाया घाला आणि कैद एका प्रकरणात आटपा. ते हस्तलिखित आजही तिच्या कपाटात आहे.

अहिल्याबाईंच्या बाबतीत दुसरी तऱ्हा. त्यांना आपण देवघरात बसवले, त्यामुळे त्यांना दुःख होण्याचीच सोय राहिली नाही. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले तेव्हा मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले, हा प्रसंग प्रत्येक पुस्तकात असतो. सदतीस वर्षांनी, १७९१ साली, त्यांची मुलगी मुक्ताबाई नवरा यशवंतराव फणसे यांच्यामागे सती निघाली तेव्हा सासऱ्याने आपल्याला जी विनवणी केली तीच विनवणी अहिल्याबाईंनी मुलीला केली, आणि मुलीने ती मानली नाही. कंपनी सरकारचा अधिकारी जॉन माल्कम याने माळव्यात ऐकून लिहून ठेवले आहे की चितेपाशी दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते, आणि नंतर तीन दिवस त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मल्हाररावांनी ज्यांना तोफांच्या कामाची पत्रे लिहिली, ज्यांनी महेश्वरातून इतकी वर्षे राज्य चालवले, त्या बाईचा अधिकार स्वतःच्या मुलीपुढे चालला नाही. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत या तीन दिवसांना तीन ओळीसुद्धा मिळालेल्या नाहीत. सतीचे वर्णन मात्र पानोपानी असते, शेला, वाण, तेजाळलेला चेहरा आणि जयजयकार. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली ही पुस्तके वाचतात, हे कृपा करून ध्यानात घ्या.

ताराबाईंना आपण उलट वागवता. पंचविशीत वैधव्य आल्यावर त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षे लढा दिला, तेवढ्या रणरागिणी आपल्याला पुरतात. १७१४ साली सवतीच्या मुलाला गादीवर बसवून त्यांना पन्हाळ्यावर कैदेत टाकले गेले. १७५० साली ज्या नातवाला आपणच पुढे आणले त्याला त्यांनी स्वतः साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. आणि १७५२ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, जेजुरीस खंडोबापुढे शपथ घेऊन तो आपला नातूच नव्हे असे सांगितले. ती शपथ खरी की राजकारणाची, यावर वाद आहे. मराठी कादंबरीला याहून मोठे बाईचे मन कुठे मिळणार आहे? पण ते प्रेमळ नाही, म्हणून आपण ते टाळता. शिवाजी विद्यापीठाने ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड छापून पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत. त्यांतल्या ताराबाई हुकूम सोडतात, वतनांचे निवाडे करतात, सरदारांना धीर देतात आणि जरबही देतात. आपल्या पुस्तकांतल्या ताराबाई मात्र गवाक्षात उभ्या राहून 'स्वामी' म्हणून हुंदका देतात.

याच संदर्भात एक गोष्ट सांगायची राहून जाऊ नये. राजवाड्यातल्या बायका म्हणजे फक्त राण्या नव्हेत. संभाजी महाराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ आपल्याला ठाऊक आहे, कारण ती गोड गोष्ट आहे. पण विकत घेतलेल्या दासी, म्हणजे कुणबिणी आणि बटकी, पेशवाईच्या कागदांत जागोजागी आहेत, आणि राणीचे केस विंचरणारी बाई तिथे कशी आली हे कोणी विचारत नाही. राणीच्या मनाचा ठाव घ्यायचा तर आपल्या सेवेला असलेल्या त्या बाईकडे ती कशी पाहत होती, हेही लिहावे लागेल, मग त्यात राणी थोडी खाली उतरली तरी चालेल.

माझ्या पत्राचा कोणी भलता अर्थ काढू नये म्हणून स्पष्ट लिहिते. कोणत्याही पुस्तकावर बंदी घाला, ते मागे घ्या, लेखकाने माफी मागावी, असे मी म्हणत नाही आणि तसे म्हणणाऱ्यांनी माझे पत्र हाती धरू नये. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि पोथ्या विस्कटल्या गेल्या तेव्हा मी वर्गात मुलांपुढे उभी राहून रडले होते. लेखकाला सोयराबाईंनी विष दिले असे कल्पिण्याचा अधिकार आहे. ते कल्पिलेले आहे हे जाणून घेण्याचा अधिकार त्या नववीतल्या मुलीला आहे. दोन्ही अधिकार एका मनोगताने सांभाळले जात होते.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीत, काय कागदांत आहे, काय परंपरेने सांगितले जाते आणि काय लेखकाने रचले आहे, हे सांगणारे टिपण असावे. ते पुढच्या कोणत्याही आवृत्तीत, ई-पुस्तकात किंवा ऑडिओबुकात गाळू नये. दोन पानेही पुरतील.

कादंबरीच्या मुखपृष्ठावर 'सत्यकथा' किंवा 'सत्य घटनांवर आधारित' असे छापणे बंद करावे. कादंबरी या शब्दात कमीपणा काही नाही.

खून, विषप्रयोग किंवा व्यभिचार यांचा आरोप ज्या ऐतिहासिक स्त्रीवर सिद्ध नाही, तो कादंबरीत आल्यास त्याचा खुलासा त्या टिपणात नावानिशी यावा.

हस्तलिखित छपाईला जाण्यापूर्वी मोडी आणि मूळ साधने जाणणाऱ्या एका तरी वाचकाकडून तपासून घ्यावे आणि त्या कामाचा मोबदला द्यावा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पेशवे दफ्तरात काम केलेली तरुण मंडळी आज आहेत आणि त्यांना कामाची गरजही आहे.

लढाई नाही एवढ्याच कारणाने राणीवरचे हस्तलिखित परत करू नये. येसूबाईंची कैद, तळेगावच्या उमाबाई दाभाडे, ग्वाल्हेरचा कारभार पाहणाऱ्या बायजाबाई शिंदे, सगळे मुलगे डोळ्यांदेखत गमावून गंगापुरात राहिलेल्या गोपिकाबाई, या विषयांसाठी लेखकांना आपण होऊन बोलवावे.

आणि ज्या आवृत्तीमुळे हे पत्र लिहावे लागले तिच्या प्रकाशकांनी लेखकाचे मनोगत पुढील छपाईत परत घालावे. तोवर ते आपल्या संकेतस्थळावर सर्वांना मोफत वाचायला ठेवावे. जुन्या आवृत्तीची माझी प्रत हवी असल्यास मी स्वखर्चाने पाठवेन.

आपल्यापैकी कोणाकडे अशी हस्तलिखिते असतील तर त्यांतली साताऱ्याच्या गादीसंबंधीची प्रकरणे मी विनामूल्य वाचून देईन. त्या मुलीला मी स्पर्धेत पहिला क्रमांक दिला नाही, दुसरा दिला, आणि कारण तिला आणि तिच्या शिक्षिकांना समजावून सांगितले. जुन्या आवृत्तीतली ती अकरा पाने झेरॉक्स करून मी तिला पाठवली आहेत. आठ दिवसांनी तिचा फोन आला. तिने विचारले, "बाई, मग सोयराबाई त्या दिवशी खरंच काय करत होत्या?" मी तिला सांगितले की ते कोणालाच माहीत नाही, आणि ते तिनेच लिहून पाहावे. आपल्या उत्तराची मी वाट पाहते आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका, सातारा